टोचन लावण्यापूर्वी

आर्द्रा नक्षत्राचा पाऊस सुरू झाला की मराठवाड्यातील काळ्या जमिनीचे रूप पालटते. उन्हाळ्यात तिला पडलेल्या भेगा बुजतात, ढेकळे विरघळतात आणि पायाखालची टणक जमीन लोण्यासारखी मऊ होते. नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूरमार्गे लातूरला जाणारा हमरस्ता पक्का आहे. पण तो सोडून एखाद्या वाडीकडे, तांड्याकडे किंवा शेताकडे वळले, समोरून येणाऱ्या ट्रॅक्टरला वाट देण्यासाठी दोन चाके रस्त्याखाली उतरवली, की गाडी रुतलीच म्हणून समजा.

पुढे काय होते ते तुम्हांला ठाऊक आहे. आजूबाजूची माणसे धावून येतात. कोणी मागून रेटतो, कोणी चाकाखाली दगड टाकतो, कोणी ट्रॅक्टर आणतो. मग साखळी बांधायची, एक हिसका द्यायचा आणि गाडी चालू झाली नाही तर ती तशीच ओढत गावातल्या गॅरेजपर्यंत न्यायची. या ओढून नेण्याला आपल्याकडचे ड्रायव्हर 'टोचन' म्हणतात. जीप, ट्रक आणि अँबॅसडर यांच्या बाबतीत ही रीत पिढ्यान् पिढ्या चालत आली.

आता मात्र रस्त्यावर एक वेगळी गाडी आली आहे. तिच्यात पेट्रोलचे इंजिन आहे, शिवाय विजेची शक्तिमान मोटरही आहे. ही गाडी रुतली तर जुनी रीत चालेल का? या प्रश्नाचे उत्तर तुमच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात दडलेले आहे. ते आपण शोधून काढू.

दोन शक्तींची गाडी

इंजिन आणि विद्युत मोटर या दोहोंवर चालणाऱ्या गाडीला हायब्रिड, म्हणजे संकरित गाडी म्हणतात. टोयोटा कंपनीची 'प्रियस' ही गाडी १९९७ साली जपानमध्ये विक्रीस आली आणि हा प्रकार जगभर माहीत झाला. तिची विद्युत घटमाला, म्हणजे बॅटरी, लहान असते. इंजिन चालताना आणि ब्रेक लावताना ती आपोआप भरली जाते.

पुढे याच गाडीला मोठी बॅटरी आणि घरच्या विजेवर ती भरण्याची सोय जोडली गेली. अशा गाडीला प्लग-इन हायब्रिड म्हणतात. चीनच्या बी.वाय.डी. कंपनीची अशी गाडी २००८ साली आणि अमेरिकेतील शेव्हरोले व्होल्ट २०१० साली बाजारात आली. साध्या हायब्रिड गाडीच्या बॅटरीत एक-दोन युनिट वीज मावते, तर प्लग-इन गाडीच्या बॅटरीत साधारणपणे आठ ते पंचवीस युनिट. 'युनिट' म्हणजे तुमच्या घरच्या वीजबिलात असते तेच, एक किलोवॉट-तास.

भारतात प्लग-इन हायब्रिड गाड्या महाग आहेत आणि थोड्याच आहेत. व्होल्वो कंपनीची एक्ससी-९० टी-८ ही त्यांपैकी एक. तिचे वजन सव्वादोन टनांच्या आसपास भरते. साध्या हायब्रिड गाड्या मात्र आपल्या जिल्ह्यांतही दिसू लागल्या आहेत. टोयोटाची इनोव्हा हायक्रॉस व मारुतीची ग्रँड विटारा या २०२२ साली आल्या. त्यांच्या काही प्रकारांत अशी योजना आहे. या लेखात सांगितलेले भौतिकशास्त्र दोन्ही प्रकारांना लागू पडते.

काळी जमीन गाडी का धरून ठेवते?

आपली काळी माती दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून बनली आहे. हा खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थंड होऊन तयार झाला. तो झिजून जी माती झाली तिच्यात माँटमोरिलोनाइट या खनिजाचे प्रमाण मोठे असते. या खनिजाचे कण दोन मायक्रॉनहूनही लहान असतात. प्रत्येक कण म्हणजे पातळ पापुद्र्यांची चळत. पाऊस पडला की पाणी या पापुद्र्यांच्या मध्ये शिरते, पापुद्रे एकमेकांपासून दूर सरतात आणि माती फुगते. ऊन पडले की पाणी निघून जाते, माती आकसते आणि तिला भेगा पडतात.

पापुद्र्यांमधले पाणी वंगणासारखे काम करते, म्हणून ओली काळी माती निसरडी होते. ती चिकटही असते. टायरच्या खाचांत ती भरून बसली की टायर गुळगुळीत चाकासारखा होतो. बालाघाटच्या माथ्यावरील मुरमाड जमिनीत गाडी सहसा रुतत नाही. नदीकाठच्या भारी जमिनीत ती हमखास रुतते. फरक गाडीत नाही, मातीच्या कणांत आहे.

चाक फिरते, गाडी हलत नाही

आता थोडा हिशेब करू. माणसे आणि सामान धरून गाडीचे वस्तुमान २,००० किलोग्रॅम आहे असे माना. तिचे वजन सुमारे २०,००० न्यूटन होईल. गाडी पुढच्या चाकांनी चालणारी आहे आणि त्या चाकांवर वजनाचा साठ टक्के भाग, म्हणजे १२,००० न्यूटन पडतो असे धरू.

कोरड्या डांबरी रस्त्यावर टायर आणि रस्ता यांमधील घर्षणांक सुमारे ०.७ असतो. म्हणून चाके जास्तीत जास्त ८,४०० न्यूटन बलाने गाडी पुढे ढकलू शकतात. ओल्या काळ्या मातीवर घर्षणांक ०.२ पर्यंत उतरला, तर हे बल २,४०० न्यूटनच उरते. उलट बाजूला गाडीला होणारा विरोध वाढलेला असतो. डांबरावर तो ३०० न्यूटनच्या आसपास असतो. चाके चिखलात बुडाली की तो वजनाच्या चौथ्या भागाइतका, म्हणजे ५,००० न्यूटनही होऊ शकतो. २,४०० न्यूटनने ५,००० न्यूटनवर मात कशी होणार? ॲक्सिलरेटर कितीही दाबला तरी हे गणित बदलत नाही. कारण येथे शक्ती इंजिनची अपुरी नाही, घर्षण अपुरे आहे.

उलट जोराने चाक फिरवल्याने नुकसानच होते. चाक माती खणून बाहेर फेकते आणि स्वतःसाठी खड्डा तयार करते. विद्युत मोटर तर स्थिर अवस्थेतूनच पूर्ण पीळ देते. त्यामुळे हायब्रिड गाडीचे चाक क्षणात गरगर फिरू लागते. त्यातच दोन चाकांमधील डिफरन्शियल हा गिअरसंच दोन्ही चाकांना सारखाच पीळ देतो. एक चाक चिखलात सहज फिरत असेल तर त्याला लागणारा थोडासा पीळच दुसऱ्या, घट्ट जमिनीवरच्या चाकाच्याही वाट्याला येतो. म्हणून एक चाक भिंगरीसारखे फिरते आणि दुसरे स्तब्ध उभे असते.

तेव्हा पहिला नियम असा की चाक दोन-तीन वेळा जागीच फिरले की थांबावे. गाडीचे पोट मातीला टेकल्यावर काम दसपट अवघड होते.

गप्प गाडी बंद असतेच असे नाही

येथपर्यंतची गोष्ट कोणत्याही गाडीला लागू आहे. पुढचा धोका मात्र हायब्रिडचाच.

जुन्या गाडीचे इंजिन बंद पडले की आवाज थांबे आणि गाडी बंद आहे हे सर्वांना कळे. हायब्रिड गाडी चालू असूनही पूर्ण शांत असू शकते. तिच्या चालकासमोर 'रेडी' असा दिवा लागलेला असतो, एवढीच खूण. अशा वेळी कोणी पुढे वाकून चाकाजवळची माती काढत असेल आणि चालकाचा पाय चुकून पडला, तर गाडी आवाज न करता पुढे झेप घेईल. बॅटरी उतरल्यास इंजिनही आपोआप सुरू होते. म्हणून कोणीही गाडीखाली हात घालण्यापूर्वी गिअर 'पी' वर ठेवून, हँडब्रेक लावून गाडी पूर्ण बंद करावी. 'रेडी'चा दिवा विझला याची खात्री करावी आणि चावी गाडीपासून दूर, एखाद्या जबाबदार माणसाच्या खिशात ठेवावी. अशा चाव्या बिनतारी असतात. त्या आत राहिल्या तर बटण दाबताच गाडी पुन्हा सुरू होते.

दुसरी गोष्ट विजेची. मोटरला वीज देणाऱ्या बॅटरीचे विभवांतर बहुधा २०० ते ४०० व्होल्ट असते. घरच्या विजेचे विभवांतर २३० व्होल्ट असते, हे लक्षात घेतले म्हणजे धोका किती हे कळेल. या विजेच्या तारा ओळखू याव्यात म्हणून त्यांना नारिंगी रंगाचे आवरण देतात. गाडीच्या पोटाखाली किंवा बॉनेटखाली नारिंगी तार दिसली तर तिला हात लावू नये, तिच्याजवळ पहार नेऊ नये, तिच्याभोवती दोरी तर मुळीच बांधू नये. अनेक गाड्यांत बॅटरी मजल्याखाली असते. तेव्हा पोटाखाली पहार घालून गाडी उचकटणे किंवा भलत्याच जागी जॅक लावणे टाळावे. गाडी बंद केल्यावर बॅटरीचा संबंध स्वयंचलित कळीने तुटतो, पण आतील धारित्रांतील विद्युतप्रभार ओसरायला काही मिनिटे लागतात. तेवढा वेळ जाऊ द्यावा.

आधी फावडे, मग दोरी

बहुतेक वेळा दोरीची गरजही पडत नाही. चाकांच्या पुढची माती उताराने काढावी, म्हणजे चाकाला खड्ड्याची उभी कड चढावी लागणार नाही. गाडीचे पोट टेकले असेल तर त्याखालची माती फावड्याने हळूच ओढून काढावी. चिकट माती आणि गाडीचा तळ यांमध्ये हवा शिरू शकत नाही, म्हणून वातावरणाचा दाबही गाडीला खाली धरून ठेवतो. हवेला वाट मिळाली की ही पकड सुटते.

मग चाकांखाली मुरूम, खडी किंवा ओले बारदान घालावे. वाळलेल्या तुराट्या-पऱ्हाट्या आपल्याकडे सहज मिळतात. पण त्या घालू नयेत. इंजिन आपोआप सुरू झाले तर त्याची धुराची नळी कमालीची तापते आणि खालचे वाळके काटूक पेट घेऊ शकते. मुरमाने घर्षणांक ०.२ वरून ०.५ झाला तर आपल्या उदाहरणातील बल २,४०० वरून ६,००० न्यूटन होते आणि माती काढल्याने विरोध ५,००० पेक्षा कमी होतो. हिशेब दोन्ही बाजूंनी सुधारला! आता सर्वांनी बाजूला व्हावे, चालकाने गाडी चालू करून ॲक्सिलरेटर अगदी हलका दाबावा. बहुधा गाडी निघते.

हिसका का देऊ नये?

तरीही निघाली नाही तर ओढावे लागेल. अमेरिकन लष्कराच्या वाहन सोडवण्याच्या पुस्तिकांत एक ठोकताळा दिलेला असतो. चाकांपर्यंत रुतलेल्या गाडीला सोडवायला तिच्या वजनाइतके, तर चाकांवरील पत्र्यापर्यंत रुतलेल्या गाडीला वजनाच्या दुप्पट बल धरून चालावे. आपल्या गाडीसाठी ही बले २०,००० आणि ४०,००० न्यूटन होतात. एवढ्या ताणाखाली दोरी, साखळी आणि हुक असणार आहेत हे विसरू नये.

त्यात लोक हिसका देतात. समजा, २,००० किलोग्रॅमचा ट्रॅक्टर ढिली साखळी घेऊन ताशी ९ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला अडीच मीटर वेगाने निघाला. त्याची गतिज ऊर्जा ½ × २,००० × २.५ × २.५, म्हणजे ६,२५० ज्यूल आहे. साखळी ताणल्यावर जेमतेम दोन सेंटिमीटर वाढते असे माना. तेवढ्या अंतरात ट्रॅक्टर थांबायचा झाला तर सरासरी बल ६,२५० भागिले ०.०२, म्हणजे ३,१२,५०० न्यूटन येते. हे गाडीच्या वजनाच्या पंधरापटीहून अधिक आहे! प्रत्यक्षात इतके बल येण्यापूर्वीच साखळी तुटते किंवा हुक उपटून येतो. तो बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो आणि वाटेत उभ्या असलेल्या माणसावर आदळतो. हाच नायलॉनचा रुंद पट्टा एक मीटर ताणला गेला असता, तर सरासरी बल ६,२५० न्यूटनच भरले असते.

म्हणून साखळी किंवा तारेच्या दोराऐवजी ओढण्यासाठीच बनवलेला पट्टा घ्यावा. तो आधी हळूहळू ताणून घ्यावा आणि मग एकसारख्या, मंद गतीने ओढावे. पट्ट्याच्या मध्यावर ओले बारदान टाकावे; पट्टा तुटला तरी त्याच्या वजनाने उसळी कमी होते. मदतीला आलेल्या, विशेषतः गंमत पाहायला जमलेल्या मुलांना पट्ट्याच्या लांबीच्या किमान दीडपट अंतरावर उभे करावे. पट्ट्याच्या रेषेत किंवा त्याला ओलांडून कोणीही जाता कामा नये. गाडी निघायला दहा मिनिटे उशीर झाला तर काही बिघडत नाही.

गाडीला पट्टा कुठे बांधायचा? बहुतेक नव्या गाड्यांबरोबर आट्यांचा एक मजबूत हुक मिळतो. बंपरवरचे लहान झाकण काढून तो आत शेवटपर्यंत पिळून बसवायचा असतो. हा हुक सरळ रेषेतील ओढीसाठी असतो; आडव्या ओढीने तो वाकतो. बंपर, आस किंवा चाकाचे दांडे यांना पट्टा बांधू नये.

ट्रॅक्टरच्या बाजूला तर आणखी काळजी हवी. पट्टा नेहमी मागच्या आसाच्या खाली असलेल्या ओढदांड्यालाच अडकवावा. तो आसाच्या वर, नांगर जोडायच्या वरच्या खुंटीला बांधला, तर मागे खेचणारे बल मागच्या चाकांभोवती परिबल निर्माण करते. गाडी हलत नाही, चाके मात्र जोर लावतात, आणि ट्रॅक्टरची पुढची चाके उचलून तो चालकाच्या अंगावर उलटतो. हे क्षणार्धात घडते. उडी मारायलाही वेळ मिळत नाही.

*करून पाहा:* दोन मित्रांना एक दोरी दोन्ही टोकांनी घट्ट ओढून धरायला सांगा. आता तिसऱ्याने दोरीच्या मध्यावर एका हाताने आडवे ढकलावे. दोघेही सहज एकमेकांकडे खेचले जातील. दहा मीटर लांब दोरीचा मध्य अर्धा मीटर आडवा सरकला, तर दोरीतील ताण ढकलणाऱ्याच्या बलाच्या सुमारे पाचपट होतो. गाडी आणि लिंबाचे दणकट झाड यांच्यामध्ये दोर ताणून बांधला व तो मध्यावर आडवा रेटला, तर हीच युक्ती वापरता येते. पण तिची दुसरी बाजू पाहा. गाडीच्या दोन हुकांमध्ये आखूड दोर आडवा बांधून त्याच्या मध्यावर ओढले तर हुकांवर येणारा ताणही असाच कितीतरी पटींनी वाढतो आणि ते उपटले जातात.

मोटरचे जनित्र होते

गाडी चिखलातून निघून डांबरावर आली. पण ती चालू होत नाही. ट्रॅक्टर तर समोरच आहे. मग तशीच टोचन लावून लातूरला न्यावी की नाही? या लेखातील मुख्य मुद्दा हाच आहे.

मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली दाखवून दिले की तारेच्या वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलले की त्या तारेत विद्युतधारा निर्माण होते. दहावीत तुम्ही विद्युत चलित्र आणि विद्युत जनित्र यांच्या आकृत्या काढता. त्या इतक्या सारख्या का दिसतात? कारण यंत्र एकच आहे. वीज दिली की आस फिरतो. आस फिरवला की वीज मिळते. १८७३ साली व्हिएन्ना येथे भरलेल्या प्रदर्शनात झेनोब ग्राम यांची दोन जनित्रे तारांनी एकमेकांना जोडण्यात आली. एक जनित्र इंजिनाने फिरवताच दुसरे मोटर बनून फिरू लागले आणि त्यावर पाण्याचा पंप चालला. लोक थक्क झाले.

हायब्रिड गाडीतही हेच तत्त्व वापरतात. ब्रेक लावताना चाके मोटरला फिरवतात, मोटर जनित्र बनते आणि बॅटरी भरते. पण हे सारे गाडीतील संगणकाच्या देखरेखीखाली चालते. गाडी बंद असताना ओढली तर चाके मोटरला फिरवतीलच, आणि देखरेख करणारा मात्र झोपलेला असेल! या मोटरींत बहुधा कायमचुंबक असतात. त्यांचे चुंबकीय क्षेत्र कळ फिरवून बंद करता येत नाही. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवला म्हणजे झाले, असेही नाही. जुन्या गाडीत न्यूट्रलमध्ये इंजिन आणि चाके यांचा संबंध खरोखर तुटे. अनेक हायब्रिड गाड्यांत मोटर चाकांशी गिअरने कायमची जोडलेली असते. न्यूट्रल म्हणजे फक्त तिला वीज न देणे.

किती वीज निर्माण होईल? उदाहरणापुरते असे माना की चाकाचा परीघ दोन मीटर आहे, चाकाच्या एका फेरीत मोटर नऊ वेळा फिरते आणि दर मिनिटाला हजार फेऱ्यांमागे ती ६० व्होल्ट निर्माण करते. ताशी ६ किलोमीटर, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाच्या वेगाने ओढले तर चाक मिनिटाला ५० आणि मोटर ४५० फेऱ्या घेईल. विभवांतर २७ व्होल्ट. ताशी ६० किलोमीटर वेगाने ओढले तर ४,५०० फेऱ्या आणि २७० व्होल्ट! चिखलातून दहा मीटर हळूहळू ओढणे आणि हमरस्त्यावर साठ किलोमीटर ओढत नेणे, यांतील फरक आता स्पष्ट झाला. पहिले काम जपून करता येते. दुसरे करू नये.

कारण चिखलात आपटलेल्या गाडीतील एखादी तार किंवा विद्युत नियंत्रक बिघडलेला असेल, तर ही वीज आतल्या आत मंडल पूर्ण करते. मोठी विद्युतधारा वाहते, उष्णता निर्माण होते आणि गाडी पेटूही शकते. शिवाय अनेक गाड्यांत गिअरपेटीला तेल पुरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद, गिअर मात्र फिरताहेत, असे झाले की ते कोरडेच घासतात.

*करून पाहा:* मोडक्या खेळण्यातील गिअर असलेली एक लहान मोटर घ्या. तिची दोन टोके मोकळी ठेवून आस बोटांनी फिरवा. आता दोन्ही टोके तारेने एकमेकांना जोडा आणि पुन्हा फिरवा. आस जड झालेला जाणवेल. निर्माण झालेली विद्युतधारा फिरण्याला विरोध करते, हा लेन्झचा नियम तुमच्या बोटांना कळला. दोन टोकांना लहान एलईडी लावून आस भराभर फिरवल्यास तो लुकलुकेल. नाही लुकलुकला तर त्याची टोके उलट जोडा.

मग गाडी न्यावी कशी?

चालवणारी चाके जमिनीला लागता कामा नयेत, हे उत्तर आता तुम्हीच द्याल. पुढच्या चाकांनी चालणारी गाडी पुढून उचलून मागच्या दोन चाकांवर नेता येते. पण काही प्लग-इन गाड्यांत पुढची चाके इंजिन फिरवते आणि मागची चाके मोटर. वर उल्लेखिलेली व्होल्वो याच जातीची. तिची पुढची चाके उचलली तरी मागची मोटर फिरतच राहील. म्हणून खात्रीचा उपाय एकच. चारही चाके वर घेणारी, सपाट पाठीची गाडी मागवावी आणि रुतलेली गाडी तिच्यावर चढवून न्यावी. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ या क्रमांकावर मदत मिळते.

येथे आणखी एक अडचण येते. मोठ्या बॅटरीखेरीज या गाडीत दिवे आणि संगणक यांसाठी १२ व्होल्टची नेहमीची लहान बॅटरी असते. ती उतरली तर गिअर 'पी' मधून निघत नाही आणि विजेवर चालणारा हँडब्रेक सुटत नाही. अशा अडकलेल्या चाकांनी गाडी फरफटत नेऊ नये. गाडीच्या पुस्तिकेत दाखवलेल्या जागी १२ व्होल्टचा पुरवठा जोडून आधी चाके मोकळी करावीत. ती पुस्तिका गाडीच्या कप्प्यात असते. पट्टा बांधण्यापूर्वी तिच्यातील टोचनचे पान वाचावे. प्रत्येक गाडीचे नियम थोडे निराळे असतात.

गाडी पाण्यात बुडाली असेल तर

ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेड जिल्ह्यातील मुखेड तालुक्यात अतिवृष्टीने गावांत पाणी शिरले. अशा वेळी गाडी नुसती रुतत नाही, ती बुडते. बुडालेली हायब्रिड गाडी वरवर वाळलेली दिसली तरी सुरू करू नये आणि चार्जिंगला तर कधीच लावू नये.

याचा धडा जगाने २०१२ साली घेतला. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये 'सँडी' चक्रीवादळाने अमेरिकेतील न्यूअर्क बंदरात समुद्राचे पाणी शिरले. तेथे उभ्या असलेल्या 'फिस्कर कार्मा' या प्लग-इन हायब्रिड गाड्यांपैकी सोळा जळून गेल्या. कारण काय निघाले? कंपनीच्या तपासानुसार मोठ्या बॅटरीचा दोष नव्हता. खाऱ्या पाण्याने १२ व्होल्टच्या मंडलातील एका नियंत्रकात गंज चढून लघुपथन झाले, आग लागली आणि वाऱ्याने ती पसरली. लहान विभवांतर म्हणजे धोका नाही, ही समजूत चुकीची आहे. पुराचे पाणी समुद्राइतके खारे नसते, पण त्यातील माती आणि क्षारही वीज वाहतात.

म्हणून बुडालेली गाडी बाहेर काढल्यावर घर, गोठा, कडब्याची गंज यांपासून दूर, मोकळ्या जागी ठेवावी. लिथियमच्या बॅटरीत बिघाड झाला असेल तर आग काही तासांनी, कधी काही दिवसांनीही लागू शकते. गाडीतून फुसफुस आवाज, विचित्र वास किंवा धूर येऊ लागला तर सामान काढायला न जाता दूर व्हावे आणि ११२ क्रमांक फिरवावा.

थोडक्यात

चाक जागीच फिरू लागले की थांबा. गाडी पूर्ण बंद करून चावी दूर ठेवा. नारिंगी तारांना हात लावू नका. आधी फावडे आणि मुरूम, मग पट्टा. हिसका देऊ नका, पट्टा ट्रॅक्टरच्या खालच्या दांड्यालाच बांधा आणि बघ्यांना लांब ठेवा. चिखलातून काही मीटर हळू ओढा. पुढचा प्रवास मात्र गाडीने दुसऱ्या गाडीच्या पाठीवर बसूनच करावा.

खेड्यात गाडी रुतली की मदतीला सर्वांत आधी धावतात ती तुमच्यासारखी मुलेच. त्यांच्या अंगात जोर असतो, उत्साह असतो. त्याला या थोड्याशा भौतिकशास्त्राची जोड मिळाली तर गाडीही निघेल आणि कोणाला इजाही होणार नाही.

आता एक प्रश्न तुमच्यासाठी. बंद हायब्रिड गाडीतील बिघडलेल्या मोटरमध्ये वीज निर्माण होत असेल, तर ती ओढणाऱ्या ट्रॅक्टरला डिझेल जास्त लागेल की कमी? का? वर्गात चर्चा करा आणि आपले उत्तर ऊर्जेच्या अक्षय्यतेच्या नियमाला धरून लिहा.